मालिकेतला म्हातारा

१४ जानेवारी

ताई,

हे पत्र पोचेपर्यंत पार्सलही पोचलं असेल. आत फोन आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. हा फोन बोलण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. पहिल्या पडद्यावर कानाचं चित्र दिसेल. त्यावर बोट ठेव आणि फोन टेबलावर ठेवून दे. खोलीत जे कोणी जे काही बोलेल ते आपल्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, लिहून येईल. तू फक्त वाचायचं.

हे मला कुठे सापडलं सांगतो. एका बँकेची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो. तिथल्या काउंटरवरच्या माणसाला अजिबात ऐकू येत नाही. समोरचा बोलतो, हा शांतपणे फोनकडे बघतो आणि उत्तर देतो. मी हत्यारं तशीच टाकून त्याच्यापाशी जाऊन बसलो. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्याने उतरले आणि मला काय काय म्हणाले ते त्या फोनवर लिहून आलं. ते इथे लिहीत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, अक्षरं थोडी मागून येतात. माणूस बोलून मोकळा होतो, मग ती उमटतात. दोन, कोण बोलतंय ते फोनला कळत नाही. माणूस, टीव्ही, खाली रस्त्यावर ओरडणारा, सगळे एकाच रांगेत. तेवढं आपण समजून घ्यायचं.

आणखी बरंच आहे त्यात. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मोठी करून दाखवतो. दारावरची बेल वाजली की उजेड पाडतो. तुला निरोपही टाइप करता येतील, पण तू करणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून हे कागदावर.

भाऊजींना सांग, आता पाटीवर खडूने लिहायचा त्रास संपला. नुसतं बोलत जा म्हणावं.

तुझा
धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन चालतो.

पहिल्या दिवशी तो हातात धरून घरभर फिरले. फ्रीज काही बोलत नाही हे बघून बरं वाटलं. मग खाली गेले. खालचा किल्लीवाला मला रोज हात करून काहीतरी म्हणतो आणि मी रोज हसून 'हो, हो' म्हणते. त्या दिवशी वाचलं. तो म्हणत होता, "साहेब बरे आहेत ना? काही लागलं तर सांगा." भला माणूस आहे. मी हसून हो म्हणाले.

दुकानात गेले. बाई म्हणाली, सुट्टे नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं की ती माझ्यावर चिडलेली असते. ती सगळ्यांनाच ते तसंच सांगते.

तू म्हणतोस नुसतं बोलत जा. पण हे फारसं बोलत नाहीत. मूलबाळ नाही, येणंजाणं नाही, घरात तिसरा आवाज नाही. पाटी थंडी सुरू झाल्यापासून कोरीच आहे. हात थरथरतो म्हणून लिहीत नसतील. मिशांमुळे ओठ वाचता येत नाहीत, हे तुला माहीत आहेच. मिशा काढा म्हटलं की बघतात नुसते.

मोठी मजा संध्याकाळची. हे त्यांच्या खुर्चीत, मी माझ्या खुर्चीत, मध्ये स्टुलावर फोन, समोर टीव्ही. आजवर मी नुसती तोंडं हलताना बघायचे आणि मनातल्या मनात संवाद घालायचे. माझे संवाद बरे होते, असं आता वाटतं. एक मालिका मात्र आवडली. तिच्यात एक म्हातारा आहे. कोणाच्या तरी घरी राहतो. घरच्या मालकिणीला 'बाई' म्हणतो, फार अदबीने. "बाई, तुम्ही चहा घेतलात का?" "बाई, तुम्ही दमलात." आणि रोज एकदा तरी विचारतो, "आमची ही कधी येईल?" बाई उत्तर देत नाही. तिचं काम करणारी नटी शब्दामागे पैसे घेत असावी.

गंमत म्हणजे तो पडद्यावर कधी सापडत नाही. मी मान वर करते तोवर गाड्यांची टक्कर किंवा सासवा-सुनांची रडारड. अक्षरं मागून येतात असं तू लिहिलंच आहेस. तो बोलून निघून जात असणार.

फोनबद्दल काय लिहू. टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे तेव्हा कानाला यंत्र लावलं की अख्खं गाव कानात यायचं. तसं काहीतरी परत आलंय.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं. फ्रीजचं वाचून ती हसत सुटली.

तुझ्या म्हाताऱ्यावर आमच्या घरात चर्चा झाली. बायको म्हणजे मालिकांची चालतीबोलती बखर, तुला माहीत आहे. तिचं म्हणणं, म्हाताऱ्याची बायको कधीच मेलेली आहे. सगळे त्याच्यापासून लपवताहेत. शेवटच्या भागात सांगतील आणि तो खुर्चीतच प्राण सोडेल. मी म्हटलं, बायको पळून गेलेली आहे. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लिफ्टचं काहीतरी बोलायला लागलो.

मालिकेचं नाव कळव. तिला इथून बघायची आहे.

भाऊजी बोलतात का जरा? त्यांना फोनपुढे बसव. टेलिफोनच्या खांबावर चढून वाऱ्यात ओरडून बोलणारा माणूस, आता खुर्चीत बसून दोन वाक्यं बोलायला काय होतंय?

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

मालिकेचं नाव कळत नाही. नाव येतं तेव्हा गाणं असतं, आणि गाणं सुरू झालं की फोन वेड्यासारखं काहीही लिहितो.

वहिनीला सांग, ती मेलेली नाही. तिला उशीर होतोय, एवढंच. म्हातारा रोज नवं कारण काढतो. बस चुकली असेल. काम लांबलं असेल. पायात नवे बूट आहेत, चावत असतील. काल म्हणाला, "बाई, ती आली की तुम्हाला माझी कटकट नाही. तुम्ही मोकळ्या." आणि मग म्हणाला, "ती नुसती 'हं' म्हणाली ना, तरी मला कळायचं काय झालंय ते."

असं कोणी कोणाबद्दल बोलतं का खरंच? बायकोच्या पाठीमागे? मी ह्यांना कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "वाचा जरा. शिका." ह्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. छान हसले. बऱ्याच दिवसांत असं हसले नव्हते.

ह्यांचं तसं बरं आहे. जेवण कमी झालंय. परवा बूट घालून जिन्यात उभे होते. कुठे निघालात विचारलं तर परत आत येऊन बसले.

संध्याकाळची वाट बघते हल्ली. त्या म्हाताऱ्याची सवय झाली आहे.

ताई


२५ मार्च

ताई,

बायकोने तुमच्याकडचे सगळे चॅनल इथून धुंडाळले. तिच्या बहिणीला कामाला लावलं, बहिणीच्या जावेला कामाला लावलं. अशी मालिकाच नाही. म्हाताऱ्यांच्या दोन आहेत, पण एकात तो करोडपती आहे आणि एकात भूत.

मला वाटतं फोन गडबड करतोय. कुठल्या तरी शेजाऱ्याचा टीव्ही पकडत असेल, नाहीतर मनाने जुळवत असेल. ही यंत्रं कधी कधी रिकाम्या खोलीतही काहीबाही लिहितात, असं बँकेतला तो माणूस म्हणाला होता.

एक कर. संध्याकाळी टीव्ही बंद कर, खिडक्या लाव आणि फोन चालू ठेवून बस. तरीही म्हातारा बोलला तर फोन बिघडलेला आहे. मी दुसरा पाठवतो. काळजी करू नकोस.

धाकटा


१२ एप्रिल

धाकट्या,

तू सांगितलंस तसं केलं. फोन बिघडलेला नाही.

टीव्ही बंद केला. खिडक्या लावल्या. आम्ही आपापल्या खुर्चीत बसलो. पडदा बराच वेळ पांढरा होता. मला वाटलं, हरवला म्हातारा. वाईटही वाटलं.

मग अक्षरं आली. "बाई, टीव्ही बंद केलात?"

मी फोन जवळ ओढला.

"बरं केलंत. फार भांडतात ते लोक."

मी मान वर केली. ह्यांच्या मिशा हलत होत्या. मी मिशांकडे बघत होते, आणि मग खाली, अक्षरांकडे. मिशा थांबल्या. अक्षरं उमटली. "आमच्या हिचा काही निरोप?"

माझ्याकडे बघत होते, धाकट्या. तू बँकेतल्या त्या माणसाकडे बघितलं असशील तसं. काम होईल अशी आशा धरून, अदबीने.

मी म्हटलं, "अहो, मी आहे ना. मीच."

"आहात ना. नाही कोण म्हणतंय? तुम्ही आहात म्हणून माझं निभतंय."

मी म्हटलं, "मी तुमची बायको आहे."

ते जरा सरकून बसले. रागावले नाहीत. अवघडले. बाईमाणसाने असं काही म्हटल्यावर भला माणूस अवघडतो तसे. मग अक्षरं आली. "तिचा आवाज असा नाही, बाई."

तुला आठवत असेल किंवा नसेल, तू तेव्हा लहान होतास. हे खांबावर असायचे आणि मी बोर्डावर. लाइन जोडली की खांबावरून विचारायचे, "येतोय का आवाज?" मी म्हणायचे, "येतोय." एवढंच. सगळा उन्हाळा, सगळा हिवाळा. मला बघण्याच्या कितीतरी आधी ह्यांनी आवाजाशी लग्न ठरवून टाकलं होतं. मी पहिल्यांदा समोर आले तेव्हा चेहऱ्याकडे न बघता म्हणाले, "बोला काहीतरी."

माझा आवाज आता कसा आहे ते मला माहीत नाही. ऐकू येणं गेल्यावर आवाज कुठे जातो ते आपलं आपल्याला कळत नाही. दुकानातली माणसं मी बोलले की किंचित मागे होतात, त्यावरून अंदाज येतो.

डॉक्टरांकडे नेलं. फोन टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच डॉक्टरांचं बोलणं मला मधल्या माणसाशिवाय कळलं. मेंदूचा आजार आहे. मागे जात नाही, पुढेच जातो. त्यांनी विचारलं, "कधीपासून असं बोलतात?" मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. त्यांनी लिहून घेतलं.

किल्लीवाल्याला विचारलं. त्याला माहीत होतं. हे खाली उतरून त्याच्याकडे चौकशी करायचे, "आमच्या हिला जाताना बघितलंत का?" तो मला रोज सांगत होता. रोज मी हसत होते.

आणि संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसून त्या म्हाताऱ्याची कीव करत होते. त्याच्या बायकोचा हेवाही करत होते. हे वहिनीला सांगू नकोस.

मला एकच हवं आहे. त्यांनी मला एकदा ओळखावं. डॉक्टर म्हणाले, वेळ थोडा आहे. एकदा पुरे.

ताई


३० एप्रिल

ताई,

पत्र गाडीत बसून वाचलं. मग कामावर गेलोच नाही.

लगेच यायला हवं होतं. इकडची सुट्टी आणि कागदपत्रं म्हणजे काय ते तुला मागेही लिहिलं आहे. पण हातावर हात ठेवून बसलेलो नाही.

मी इथे आलो तेव्हा तू मला कॅसेटी पाठवायचीस. पत्राऐवजी. 'धाकट्या, जेवलास का?' इथून सुरुवात. त्या सगळ्या माझ्याकडे आहेत. आता असं यंत्र निघालंय की त्याला माणसाचा जुना आवाज ऐकवला की तो आवाज ते शिकतं. मग आपण काहीही लिहायचं, ते त्या आवाजात बोलून दाखवतं. शब्द आपले, आवाज त्या माणसाचा. घशाच्या आजाराने ज्यांचा आवाज गेलाय असे लोक वापरतात. तुझा आवाज गेलेला नाही ताई, तो माझ्या कपाटात होता.

मी शिकवला आहे. तुझ्या फोनवर पाठवलाही आहे. तोंडाचं चित्र दिसेल. त्यात तू लिहायचंस, आणि भाऊजींचा तो जुना फोन वाजेल. त्यांनी उचलला की त्यांच्या कानात तू. ते जे बोलतील ते तुला लिहून दिसेल. तुला टाइप करावं लागेल, एवढीच अडचण.

चालतंय का बघायला मी रात्री गाडीत बसून स्वतःलाच लावून बघितलं. लिहिलं, 'धाकट्या, जेवलास का?' आणि ऐकलं. पुढचं सांगत नाही. कितीतरी वर्षांनी ऐकलं.

त्यांना आवाज हवा आहे ना? घे. ओळखतील. ओळखलंच पाहिजे.

धाकटा


६ जून

धाकट्या,

ओळखलं.

मी स्वयंपाकघरात बसले, दार ओढून घेतलं. एकेक अक्षर शोधून लिहिलं, "हॅलो, मी बोलतेय." मग आलं. "अगं."

'अगं' हा शब्द मी किती दिवसांनी वाचला. वाचला म्हणजे, ऐकला होता त्याला तर कितीतरी वर्षं झाली.

"कुठून बोलतेस?"

ऑफिसातून, असं लिहिलं. दुसरं सुचलं नाही.

"आवाज छान येतोय. कोणी जोडली लाइन?"

हसले मी. ओट्याला टेकून हसले. आम्ही खूप बोललो. म्हणजे ते बोलले, आणि मी लिहीपर्यंत ते थांबले. "तू आधीपासूनच सावकाश बोलतेस," म्हणाले. ते खोटं आहे. पण बरं वाटलं. उठून दाराच्या फटीतून बघितलं. फोन दोन्ही हातांनी धरून बसले होते. चेहरा पूर्वीचा.

मी आता रोज बोलते. टाइप करायचा हात बसला आहे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. जेवतात. औषध घेतात, कारण फोनवरून बायको घ्या म्हणते. मी ताट पुढे केलं की मात्र म्हणतात, "ठेवा बाई तिथे."

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. त्यांनी मला माझ्याबद्दल सांगितलं. "इथे एक बाई आहेत. बिचारीला ऐकू येत नाही. पण करते हो मनापासून. चहा तुझ्यापेक्षा चांगला करते, रागावू नकोस." मी लिहिलं, "मग तिच्याशी बोलत जा ना जरा." त्यावर म्हणाले, "काय बोलणार? सारखी तोंडाकडे बघत बसते. भीती वाटते कधी कधी. तू लवकर ने मला इथून."

आधी ते संध्याकाळी माझ्या शेजारी तरी बसायचे. त्या बाईला विचारण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी होतं. आता फोन घेऊन आतल्या खोलीत बसतात आणि दार लावतात. मी स्वयंपाकघरात, तेही दार लावलेलं. दोन दारांच्या पलीकडे आमचा संसार छान चाललाय.

काल मी चुकून फोन हातात घेऊनच बाहेर आले. लिहीतच होते, आणि त्यांचं दार उघडं होतं. त्यांनी बोटाने गप्प राहण्याची खूण केली. "बाई, जरा थांबा. घरून फोन आहे."

ताई


२२ जून

ताई,

'ओळखलं' हा शब्द वाचला आणि बायकोला हाक मारली. ती रडली. मग बाकीचं वाचलं. ते तिला वाचून दाखवलं नाही.

पण ताई, जरा उलटं बघ. ते आनंदात आहेत. जेवतात. औषध घेतात. तीच तर तू आहेस. शब्द तुझे आहेत. बाई कोण आणि बायको कोण हा हिशेब त्यांच्यासाठी संपलाय, तुझ्यासाठी का चालू ठेवतेस?

'लवकर ने' म्हणतील तेव्हा येते म्हणून सांग. दोन घटकांत विसरतील. त्यात खोटं काय? तू तिथे आहेसच.

नवीन एक निघालंय. जुन्या फोटोवरून चेहरा हलताना, बोलताना दाखवतं. तुमच्या लग्नाचा फोटो माझ्याकडे आहे. पाठवू का?

धाकटा


१५ जुलै

धाकट्या,

फोटो पाठवू नकोस.

आज ते सगळं विसरले आहेत. सकाळी नेहमीसारखे चहाला बसले आणि मला म्हणाले, "बाई, आमची ही कधी येईल?" म्हणजे काल जे झालं ते फक्त मला माहीत आहे, आणि आता तुला सांगते. कोणीतरी दुसऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

मी तुझं ऐकलं. त्यांनी विचारलं, "कधी येतेस?" आणि मी लिहिलं, "उद्या." तू म्हणालास, विसरतील. हे विसरले नाहीत. मला विसरतात, जेवण विसरतात, हे लक्षात ठेवलं. काल उठल्या उठल्या दाढी केली. दोन ठिकाणी कापलं. पांढरा शर्ट शोधून काढला, बटणं एकेक घर वर लावली होती, मी हात पुढे केला तर मागे सरकले. मग बूट घालून दारात जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं, बसले नाहीत. जेवायला या म्हटलं, आले नाहीत. "ती आल्यावर." त्यांच्या पायांना सूज असते. पाय बुटाबाहेर फुगून आले होते.

दुपारी मला काय वाटलं कोण जाणे. मी मागच्या दाराने खाली उतरले. चांगला पोशाख केला होता, केस विंचरले होते. किल्लीवाल्याने बघितलं आणि मान खाली घातली. मी पुढच्या जिन्याने वर आले. सावकाश, पायऱ्यांवर पाय वाजवत. पाय वाजत असणार. शेवटच्या वळणावर आले तेव्हा ते कठड्याला धरून वाकून बघत होते. चेहरा असा होता की मी थांबलेच. इतकी कोणी माझी वाट बघत आहे हे मला दिसत होतं.

मी दोन पायऱ्या वर आले. त्यांनी मला बघितलं. मला वाट करून दिली. आणि माझ्या खांद्यावरून खाली, जिन्यात, बघत राहिले.

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. आम्ही दोघं जिन्यात बघत होतो.

मग मी सांगितलं. यंत्रातून नाही. मोठ्याने, माझ्या ह्या आवाजात, जो कसा आहे ते मला माहीत नाही. म्हटलं, "ती आता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. काहीतरी म्हणाले. फोन आत राहिला होता, म्हणून मला कळलं नाही. पण मी मान हलवली. ते तिथेच, पायरीवर, बसले. त्यांना रडताना मी एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. किल्लीवाला वर आला. मी त्याला हाताने जा म्हटलं.

आत आणलं. बूट काढले. ह्या वेळी काढू दिले. शेजारी खुर्ची घेऊन बसले. किती तरी महिन्यांनी त्यांनी माझ्या खांद्याला डोकं टेकलं. बायको गेलेल्या माणसाने शेजारणीच्या खांद्याला टेकावं तसं, जपून, वजन न टाकता.

तुला आवाज ठेवायचा असेल तर ठेव. तुला तो हवा आहे हे मला कळलंय, आणि त्यात गैर काही नाही. तुला जेवलास का विचारणारी कोणी हवीच. माझ्या फोनवरून मी तो काढून टाकला. कसा काढायचा ते शोधायला वेळ लागला. तीन वेळा विचारतं, नक्की काढायचा का. लिहिणारं ठेवलं आहे. ते लागेल.

काल संध्याकाळपर्यंत ते तसेच बसून होते. टीव्ही बंद. स्टुलावर फोन. बऱ्याच वेळाने पडद्यावर अक्षरं आली.

"तुम्ही ओळखत होतात का हो तिला?"

मी म्हटलं, "थोडीफार."

ताई